आकडे वर जातात, प्रश्न गावातच राहतात

छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारी नावाचं गाव आहे. तिथे जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेचं रुग्णालय आहे. तिथल्या डॉक्टरांनी २००४ ते २००९ या काळातले फुप्फुसाच्या क्षयरोगाचे केसपेपर काढून सतराशेच्या आसपास प्रौढ रुग्णांची वजनं एकत्र मांडली. पुरुषांचं मध्यक वजन ४२ किलो निघालं, बायकांचं ३४. उपचार सुरू होतानाच ज्यांचं वजन फार कमी होतं, त्यांच्यात मृत्यूही जास्त होते. २०१३ मध्ये हा निबंध छापून आला. ओपीडीतला वजनकाटा, उंची मोजायची पट्टी आणि आलेल्या प्रत्येक रुग्णाचं वजन न चुकता लिहिण्याची शिस्त, एवढ्या भांडवलावर तो उभा होता.

त्यातून पुढचा प्रश्न निघाला: पोटाला नीट मिळालं तर क्षयरोग कमी होईल का? त्याच निबंधाच्या लेखकांपैकी डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या पुढाकाराने झारखंडमधल्या चार जिल्ह्यांत २०१९ पासून ते तपासलं गेलं. काही भागांत फक्त रुग्णाला शिधा दिला, काही भागांत घरातल्या सगळ्यांना. घरातल्या दहा हजारांहून अधिक माणसांवर पुढे लक्ष ठेवलं गेलं. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे नव्याने क्षयरोग होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी निघालं. २०२३ मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं आणि जगभरच्या क्षयरोगतज्ज्ञांना त्याची दखल घ्यावी लागली.

केसपेपरवर वजन तर आपल्याकडे सगळीकडेच लिहितात. मग अशी गोष्ट एखाद्याच गनियारीत का घडते? ग्रामीण आरोग्य कर्मचाऱ्यांमध्ये संशोधनाची कौशल्यं रुजवायची कशी, यावर गेल्या दोन दशकांत कार्यशाळा झाल्या, अभ्यासक्रम निघाले, योजना आल्या. त्यांतल्या बऱ्याच प्रयत्नांचा रोख एकच असतो: कर्मचाऱ्याला संख्याशास्त्र येत नाही, ते शिकवा, निबंध लिहिता येत नाही, तो शिकवा. हे शिकवायला हवंच. पण खरी अडचण त्याच्या आधी सुरू होते, असं मला ठामपणे वाटतं. रोज आकडे लिहिणाऱ्या माणसाला त्या आकड्यांवर प्रश्न विचारायचा हक्कच आपल्या यंत्रणेने दिलेला नाही. आणि खरा आकडा लिहिला तर त्याचं काय होतं, हे त्याला अनुभवाने माहीत आहे.

उपकेंद्रातली आरोग्यसेविका काय काय लिहिते ते पाहा. सपाटीवर पाच हजार आणि आदिवासी, डोंगरी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा निकष. या लोकसंख्येतली पात्र जोडपी, गरोदर माता, बाळंतपणं, जन्मवजन, लसीकरण, कुपोषित मुलं, ताप-हगवणीचे रुग्ण, थुंकीचे नमुने, पाण्याचे नमुने, रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी, औषधसाठा. शिवाय मोबाइलवरची निरनिराळी अ‍ॅप, आणि त्यांत तीच माहिती पुन्हा. महिनाअखेरीस अहवाल प्राथमिक आरोग्य केंद्राला जातो, तिथून तालुक्याला, तालुक्यावरून जिल्ह्याला, जिल्ह्यातून पुणे-मुंबईला. परत येतं ते उद्दिष्ट: गेल्या महिन्यात इतके टक्के झालं, या महिन्यात इतकं व्हायला हवं. आपल्या पाच गावांपैकी एकाच गावात कमी वजनाची बाळं का जन्मतात, हे तिला दिसत असतं. पण त्यासाठी अहवालात रकाना नसतो आणि आढावा बैठकीत वेळ नसतो.

वैद्यकशास्त्राचा इतिहास पाहिला, तर खेड्यातल्या माणसाने प्रश्न विचारणं ही काही नवलाई नव्हे. रॉबर्ट कॉखने १८७६ मध्ये अँथ्रॅक्सच्या जंतूचं जीवनचक्र उलगडून दाखवलं, तेव्हा तो वोल्श्टाइन या लहानशा गावात जिल्हा वैद्यकीय अधिकारी होता आणि प्रयोग घरातच करत होता. इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या एका खोऱ्यात विल्यम पिकल्स नावाचा डॉक्टर आयुष्यभर साधी प्रॅक्टिस करत राहिला. १९२९ मध्ये तिथे काविळीची साथ आली. कोण कुठल्या दिवशी कोणाला भेटलं, कोण कुठल्या जत्रेला गेलं, हे खेड्यातल्या डॉक्टरलाच ठाऊक असतं. पिकल्सने त्या तारखा जुळवल्या आणि लागण झाल्यापासून कावीळ दिसेपर्यंत सुमारे महिनाभर जातो, हे दाखवलं. शहरातल्या रुग्णालयात हे शोधणं अवघड होतं, कारण तिथे रुग्णाची ओळख दारातून आत आल्यावर सुरू होते. १९३९ मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिलं आणि पुढे ब्रिटनमधल्या जनरल प्रॅक्टिशनरांच्या कॉलेजचा तो पहिला अध्यक्ष झाला.

आपल्याकडे असं काम महाड तालुक्यात झालं. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाचा दंश झालेली माणसं, विशेषतः लहान मुलं, घामाने ओलीचिंब, हातपाय गार पडलेली अशी यायची आणि तोंडातून फेस येऊन काही तासांत जायची. विंचू चावला की माणूस मरायचाच, असं गावानेही धरलं होतं आणि पुस्तकांतही उपयोगी पडेल असं फारसं काही नव्हतं. बावस्करांनी खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, उलटी, श्वास यांच्या वेळेनुसार नोंदी केल्या. हृदयावर संकट येण्याआधी कुठली लक्षणं दिसतात, हे त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. पुढे पुण्यात एमडी करताना हृदय निकामी होत असलेल्या रुग्णांवर रक्तवाहिन्या सैलावणारी औषधं कशी चालतात हे त्यांनी पाहिलं, आणि महाडला परतल्यावर तो विचार विंचूदंशाला लावला. त्यातून प्राझोसिन हे स्वस्त, तोंडाने द्यायचं औषध हाती आलं. त्यावरचा निबंध १९८६ चा. पूर्वी गंभीर दंशाच्या रुग्णांपैकी पाव हिस्सा तरी दगावायचा. वेळेवर प्राझोसिन मिळालं की हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. पुढे त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र देऊन काय होतं याची रीतसर चाचणी महाडमध्येच केली आणि २०११ मध्ये ती 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापली.

ही कहाणी सांगितली की बहुतेकांच्या मनात आदर दाटतो आणि विचार तिथेच थांबतो. मला मात्र ती अस्वस्थ करते. एका माणसाची जिद्द अशी असेल तर यंत्रणेने काय केलं? त्या काळी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय नियतकालिकं येत नव्हती, सल्ला द्यायला कोणी ज्येष्ठ संशोधक जवळ नव्हता, टंकलेखनासाठी पैसे नव्हते. बावस्करांसारखं मूळ निरीक्षण त्याच काळात आणखी काही आरोग्य केंद्रांत कोणी केलं असेल आणि ते कोणाच्या तरी डायरीत मिटून गेलं असेल, हे सहज शक्य आहे. संशोधनाची क्षमता रुजवायची म्हणजे असामान्य माणसांची वाट पाहत न बसता साधारण कुवतीच्या, पण प्रामाणिक माणसालाही हे जमेल अशी सोय करायची.

ती सोय कशी असते, हे पाहायला गडचिरोलीला जावं लागतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन तिथे 'सर्च' ही संस्था उभी केली. पहिलाच मोठा अभ्यास वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा होता. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि त्यासाठी आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. १९८९ मध्ये हे छापून येईपर्यंत ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढीच धोरणाची समज होती. या अभ्यासाने ती बदलायला भाग पाडलं.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं आहे ते पुढचं काम. न्यूमोनियाने मुलं मरत होती. न्यूमोनिया ओळखायचा तर श्वास मोजावा लागतो: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा मिनिटाला साठ किंवा अधिक, त्याहून मोठ्या तान्ह्या बाळाचा पन्नास किंवा अधिक. गावातल्या सुइणींना पन्नास-साठपर्यंत सलग मोजता येत नव्हतं. 'सर्च'ने त्यांच्यासाठी श्वासमापक बनवला. एका मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता येणाऱ्या बाईच्या हातून निदान होऊ लागलं. ते खरं आहे की नाही हे डॉक्टरांच्या निदानाशी ताडून पाहिलं गेलं. कौशल्य माणसात नाही म्हणून माणूस वगळायचा, की माणसाला जमेल असं साधन घडवायचं, यातला फरक या मण्यांत आहे.

१९९५ पासूनच्या नवजात बालकांच्या अभ्यासात हीच रीत आणखी पुढे गेली. ३९ गावांत निवडलेल्या आरोग्यदूत बाया, काही वर्षं शाळेत गेलेल्या, बाळंतपणाला हजर राहायच्या, बाळाला ठरलेल्या दिवशी घरी जाऊन पाहायच्या, वजन-तापमान-श्वास लिहायच्या, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायच्या. तुलनेसाठी ४७ गावं होती. प्रत्येक भेटीचा तक्ता भरलेला असायचा, पर्यवेक्षक तो गावात जाऊन तपासायचा, डॉक्टर पुन्हा तपासायचा. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटलेला दिसला. डिसेंबर १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये हे आलं आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने घरपोच नवजात बाळ सेवा आशा स्वयंसेविकांमार्फत देशभर लागू केली. आज तुमच्या गावातली आशा बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जाते, त्याची मुळं या तक्त्यांत आहेत.

जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून निरक्षर, दलित, परित्यक्ता बायांना आरोग्यसेविका बनवून हाच विश्वास त्याआधीच सिद्ध केला होता. पण तिथला भर सेवेवर आणि गावाच्या संघटनेवर अधिक होता. गडचिरोलीत मोजणं हेच सेवेचं अंग बनलं. पुण्याजवळ वढूला डॉ. बानू कोयाजींनी केईएम रुग्णालयामार्फत सुरू केलेल्या कामातून २००२ पासून २२ गावांतली प्रत्येक जन्म, मृत्यू, स्थलांतराची नोंद ठेवणारी कायमची व्यवस्था उभी राहिली, आणि भारतात बनलेल्या रोटाव्हायरस लशीच्या मोठ्या चाचणीत पुणे हे एक केंद्र होऊ शकलं ते अशा पायाभूत कामामुळे. डहाणूला केंद्राच्या योजनेतून आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात झालेला २००५ चा एक अभ्यास मला विशेष वाटतो, कारण त्यात कर्मचारी हेच अभ्यासाचा विषय होते. तिथल्या ७२६ आरोग्य कर्मचाऱ्यांची क्षयरोगाच्या सुप्त संसर्गासाठी दोन चाचण्यांनी तपासणी झाली, आणि जवळपास निम्मे कुठल्या ना कुठल्या चाचणीत संसर्गित निघाले. रुग्णाची सेवा करणाऱ्याच्या फुप्फुसात काय चाललंय, हा प्रश्न त्यांच्यासाठीच होता.

या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट समान दिसते. मोजणारा माणूस आणि प्रश्न विचारणारा माणूस एकमेकांच्या रोजच्या भेटीत असतात. आकडा चुकला तर कोणी ओरडत नाही, पुन्हा मोजायला सांगतं. सरकारी यंत्रणेत नेमकं हेच नाही, आणि त्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे.

२००१ मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला. राज्यातल्या १३ स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या गावांत आणि वस्त्यांत दोन वर्षं घरोघरी जाऊन जन्म आणि बालमृत्यू मोजले होते. मोजणारे बहुतेक गावपातळीवरचे कार्यकर्ते होते. त्यावरून राज्यात वर्षाला सुमारे पावणेदोन लाख बालमृत्यू होत असावेत, असा अंदाज निघाला. सरकारी नोंदींत त्यांतले बहुसंख्य मृत्यू दिसतच नव्हते. विधिमंडळात गदारोळ झाला, मूल्यमापन समिती नेमली गेली, नोंदणी सुधारण्याचे आदेश निघाले. पण मुळात ते मृत्यू का लिहिले गेले नव्हते? आरोग्यसेविका आळशी होती म्हणून? ज्यांनी या यंत्रणेत थोडाही काळ काढला आहे, त्यांना उत्तर माहीत आहे. बालमृत्यू लिहिला की कागदपत्रं सुरू होतात. कितव्या महिन्यात नोंदणी केली, किती भेटी दिल्या, संदर्भित का केलं नाही, अशी चौकशी होते आणि अनेकदा कारणे दाखवा नोटीस येते. मातामृत्यू आणि बालमृत्यू अन्वेषणाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलेलं असतं की हेतू दोष देण्याचा नाही, कारण शोधण्याचा आहे. बैठकीत मात्र पहिला प्रश्न 'जबाबदार कोण' हाच येतो. मग जन्मून दोन तासांत गेलेलं बाळ मृतजन्म म्हणून लिहिलं जातं, दुसऱ्या जिल्ह्यात पाठवलेली बाई आपल्या हिशेबातून जाते.

अशा ठिकाणी तुम्ही कितीही चांगला संख्याशास्त्राचा वर्ग घ्या, त्याचा उपयोग नाही. खोटा आकडा अचूक विश्लेषणानेही खरा होत नाही. संशोधनाचं पहिलं कौशल्य म्हणजे आपल्याला नको असलेली गोष्ट दिसली तरी ती जशीच्या तशी लिहिणं. ते वर्गात शिकवता येत नाही. वरिष्ठ त्या आकड्यावर कसा वागतो, त्यातून ते शिकलं जातं किंवा मोडलं जातं.

दडलेला आकडा बाहेर आला की काय होतं, याचं आणखी एक उदाहरण सर्पदंशाचं. देशभरातल्या नमुना कुटुंबांत जाऊन, घरच्यांना मृत्यूच्या वेळची लक्षणं विचारून कारण ठरवण्याच्या पद्धतीने २००५ मधल्या सर्पदंशाच्या मृत्यूंचा अंदाज काढला गेला. ते ४६ हजारांच्या आसपास निघाले, सरकारी रुग्णालयांच्या नोंदींपेक्षा तीसपटीहून अधिक. बहुतेक माणसं रुग्णालयात पोचलीच नव्हती. विचारणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षित सर्वेक्षक होते. आपल्या आशा आणि आरोग्यसेवकांना हे काम नक्की जमतं. त्यांना गावात कोण कसं गेलं हे सर्वेक्षकापेक्षा अधिक ठाऊक असतं.

आता शिकवण्याच्या प्रयत्नांकडे वळू. एमडी-एमएस करणाऱ्यांना प्रबंध सक्तीचा आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा संशोधनाचा पायाभूत अभ्यासक्रम ऑनलाइन आहे आणि २०१९ पासून पदव्युत्तर विद्यार्थी व वैद्यकीय शिक्षकांसाठी तो आवश्यक झाला. त्यातले पाठ सोपे आणि नेटके आहेत; मी कोणालाही ते ऐकायला सांगेन. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची अल्पमुदतीची विद्यार्थिवृत्ती १९७९ पासून चालू आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तीन महिने जिल्हा आरोग्य व्यवस्थेत काम करण्याचा नियमही आला आहे. हे सगळं चांगलं आहे. पण या यादीतून कोण सुटलं ते पाहिलं पाहिजे. बीएएमएस झालेला प्राथमिक आरोग्य केंद्रातला वैद्यकीय अधिकारी, आदिवासी भागातल्या भरारी पथकाचा डॉक्टर, सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करून उपकेंद्रात आलेला समुदाय आरोग्य अधिकारी, आरोग्यसेविका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, गटप्रवर्तक, आशा. ग्रामीण आरोग्य ज्यांच्या हाताने चालतं, ते सगळे. सक्तीचे अभ्यासक्रम त्यांच्यापर्यंत येत नाहीत, आणि आले तरी इंग्रजीत येतात. आणि सक्तीने झालेल्या प्रबंधांचं काय होतं, हेही उघड आहे. बढतीसाठी निबंध हवेत म्हणून पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं फोफावली. गावातल्या शंभर बायांना एक प्रश्नावली द्यायची, 'ज्ञान, दृष्टिकोन, वर्तन' असं शीर्षक लावायचं आणि काम संपवायचं. त्या गावाला त्यातून काही कळत नाही.

मला सर्वांत उपयोगी वाटलेली पद्धत आरोग्य कार्यक्रमांतल्या माणसांसाठी बनवलेली आहे. आंतरराष्ट्रीय क्षयरोग संघटना आणि 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने आपल्याशा केलेल्या या अभ्यासक्रमाला 'सॉर्ट इट' म्हणतात. भारतातही त्याचे वर्ग झाले आहेत. वर्षभरात आठवडाभराची तीन सत्रं. पहिल्यात आपल्या रोजच्या कामातला एक प्रश्न आणि तो शोधण्याचा आराखडा, दुसऱ्यात नोंदींचं संगणकीकरण आणि विश्लेषण, तिसऱ्यात निबंधाचं लेखन. प्रत्येक टप्प्याला मुदत असते. ती चुकवली की पुढच्या सत्राला प्रवेश नाही. शेवटी निबंध नियतकालिकाकडे पाठवल्याशिवाय उत्तीर्ण होता येत नाही. प्रत्येक सहभागीसोबत मार्गदर्शक असतात, आणि तेही स्वतः हे काम केलेले. बहुतेक अभ्यास आधीपासून असलेल्या नोंदींवर होतात, म्हणून खर्च कमी. या पद्धतीचं मर्म व्याख्यानांत नाही, त्या मार्गदर्शकाच्या सोबतीत आहे. आठवडाभराच्या कार्यशाळेनंतर माणूस आपल्या आरोग्य केंद्रात परततो, दुसऱ्या दिवशी ओपीडीत दीडशे रुग्ण असतात, आणि तक्त्यात काही अडलं तर विचारायला कोणी नसतं. बहुतेक चांगले प्रश्न तिथेच विझतात.

मोजणं रोजच्या कामात कसं मिसळावं, याचं उदाहरण शोधायला परदेशात जायला नको. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे सुरुवातीपासून होते. प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड. तीन महिन्यांच्या काळात नोंदवलेल्या रुग्णांची एक तुकडी धरायची आणि पुढे विचारायचं: यांतल्या किती जणांचा रक्तदाब आटोक्यात आहे, किती जणांचा नाही, किती जण आलेच नाहीत? 'या महिन्यात इतके रुग्ण तपासले' या आकड्यापेक्षा हा आकडा वेगळा आहे, कारण याला भाजक आहे. आलेच नाहीत त्यांची यादी हाताशी येते आणि आशा त्यांच्या घरी जाऊ शकते. भाजकाचा हा विचार, म्हणजे कितीपैकी किती, हा मला संशोधनाच्या शिक्षणाचा गाभा वाटतो. रुग्णालयात मृत्यू शून्य, हे वाक्य 'किती गंभीर रुग्ण पुढे पाठवले' हे विचारल्याशिवाय निरर्थक आहे. ते ज्याला उमगलं त्याला संख्याशास्त्रातली 'पी व्हॅल्यू' नंतर शिकवता येते.

नीतीचा प्रश्न इथे टाळता येणार नाही. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस एका अभ्यास-प्रकल्पात दिली गेली. खम्ममला वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर अनेक ठिकाणी पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. २०१० मध्ये तो थांबवला गेला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली होती की नाही हा वेगळा विषय. गावातल्या आरोग्य कर्मचाऱ्याला संमती म्हणजे काय हे नीट माहीत असतं आणि 'असं चालणार नाही' म्हणायचा अधिकार असता, तर हे तिथेच अडलं असतं. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक संशोधनाला गावाच्या वतीने पहिला प्रश्न विचारणारा माणूस कर्मचारीच असू शकतो. संशोधन शिकवण्याचं हेही एक कारण आहे, आणि ते क्वचितच कोणी सांगतं.

उलट बाजूने, प्रामाणिक छोट्या अभ्यासासाठी नीतिसमितीची परवानगी मिळवणं खेड्यातल्या डॉक्टरला जिकिरीचं आहे. आरोग्य केंद्राला स्वतःची समिती नसते. औषध चाचण्यांसाठी २०१९ च्या नियमांनुसार समिती त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या आतली लागते; गडचिरोलीतल्या अहेरी किंवा नंदुरबारमधल्या धडगावहून हे अंतर मोजून पाहा. नोंदींवर आधारलेल्या, कमी जोखमीच्या अभ्यासांसाठी प्रत्येक जिल्ह्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयाने आपली समिती आरोग्य केंद्रांना विनाशुल्क खुली केली, तर हा अडसर बराच कमी होईल. आता बहुतेक जिल्ह्यांत सरकारी महाविद्यालयं झालीही आहेत.

श्रेय आणि मोबदला हेही बोललं पाहिजे. गावात फिरून, उन्हापावसात माहिती गोळा करणाऱ्या बाईचं नाव निबंधाच्या शेवटी 'क्षेत्रीय कर्मचाऱ्यांचे आभार' या ओळीत विरघळून जातं. आशा कामागणिक मोबदल्यावर जगते. तिच्याकडून अभ्यासाची जादा कामं फुकट करून घेणं अन्याय आहे, मग ते ज्ञानाच्या नावाने का असेना. प्रश्न तिचा असेल, निरीक्षण तिचं असेल, तर लेखकांच्या यादीत तिचं नाव का असू नये, याला मला पटेल असं उत्तर अजून मिळालेलं नाही.

सुरुवात कुठून करावी याबद्दल माझं मत लहान गोष्टींकडे झुकतं. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राने वर्षात एकच प्रश्न निवडावा, तोही कर्मचाऱ्यांनी सुचवलेला. सर्पदंशाचे रुग्ण दंशानंतर किती तासांनी पोचतात आणि वाटेत कुठे थांबतात? सातव्या महिन्यानंतर माहेरी गेलेल्या गरोदर बाईची तपासणी कोण करतं? ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतल्या मुलांच्या लशींचं काय होतं? हे प्रश्न बीड, नंदुरबार, पालघरच्या कर्मचाऱ्यांच्या तोंडात रोज असतात. जिल्ह्यातल्या महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यक विभागातला एक शिक्षक त्या केंद्राला वर्षभर बांधून द्यावा, आणि जिल्हा निवासी म्हणून येणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याचे तीन महिने याच प्रश्नावर लागावेत. निष्कर्ष दोन पानांत, मराठीत लिहावा, ग्रामसभेत वाचावा, तालुक्याच्या मासिक बैठकीत अर्धा तास त्यावर चर्चा व्हावी. इंग्रजी नियतकालिकात छापून आला तर उत्तम, नाही आला तरी केंद्राचं काम त्यामुळे बदललेलं असेल.

आणि त्या वर्षभरात, त्या प्रश्नाशी संबंधित कुठलाही आकडा वाईट निघाला म्हणून कोणालाही नोटीस जाणार नाही, असं जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याने लेखी द्यावं. योजनेतली ही एकच बाब बिनखर्चाची आहे आणि सर्वांत कठीणही.